पाड्याची आशाताई

डहाणू-तलासरीत गाव म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे. तिथे घरोघर जाणारी आशाताई त्याच गावची रहिवासी असते. २००५ साली सुरू झालेल्या योजनेची तशी अटच आहे. ओळखीच्या बाईशी लोक मोकळेपणाने बोलतात.

कोविडकाळात हीच ओळख तिला जड गेली. वीटभट्ट्यांवरून, गुजरातच्या बोटींवरून परतलेल्या शेजाऱ्यांची नावे तिलाच कळवावी लागत. ‘ही आम्हाला दवाखान्यात धाडील’ या भीतीने दारे बंद होत. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप आणि प्राणवायू तपासायला ती पुन्हा त्याच दारांत गेली. गरोदर माता, बाळांच्या लसी ही नेहमीची कामे होतीच. शिवाय आजार आपल्या घरी तर नेत नाही ना, ही धास्ती.

तरीही शासनदरबारी ती ‘स्वयंसेविका’. तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. जून २०२१ मध्ये राज्यभरातील आशांनी संप केला, तेव्हा दरमहा १,५०० रुपये वाढ मिळाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला.

तुमच्या दारी आशाताई आली, तर तिला बसायला सांगा, पाणी द्या आणि खरी माहिती द्या.