घाटातले कॅमेरे आणि क्लाउडची किल्ली

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेरे वाहनाचा वेग आणि नंबरप्लेट आपोआप टिपतात. लोणावळ्याच्या घाटात चूक कुणाची, हे आधी यंत्र ठरवतं. अशा यंत्राला फसवायचं म्हटलं की चिखल फासलेली नंबरप्लेट आठवते. तो धोका खराच. २०२० मध्ये मॅकॅफीच्या संशोधकांनी ३५च्या वेगमर्यादेच्या पाटीवर दोन इंच काळी टेप लावली आणि टेस्लाच्या कॅमेऱ्याने ती ८५ वाचली. पण टेपने एक पाटी बिघडते. पाट्या ओळखणारं मॉडेल क्लाउडवर असेल आणि तिथल्या परवानग्या ढिल्या राहिल्या, तर अख्खं मॉडेलच बदलता येतं. मायक्रोसॉफ्टच्या एआय संशोधकांनी गिटहबवर दिलेल्या एका लिंकमुळे ३८ टेराबाइट डेटा उघडा पडल्याचं २०२३ मध्ये विझ या कंपनीने दाखवलं. त्या लिंकवरून फाइली नुसत्या वाचताच नव्हे, तर पुसता आणि बदलताही येत होत्या. म्हणूनच कोणत्या खात्याला कशाची मुभा आहे, ती कधी संपते, मॉडेलची फाइल शेवटी कुणी हलवली, हे रोज तपासणं हेच सुरक्षा अभियंत्याचं खरं काम आहे, असं मला ठामपणे वाटतं.

‘आमचं नेटवर्क बंदिस्त आहे’ हा नेहमीचा आक्षेप. बँकांचंही असतं, तरी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत बनावट स्विचने, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने, पैसे काढण्याच्या विनंत्या परस्पर मंजूर केल्या आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ‘शेवटी दंडाचं चलान माणूसच तपासतो’ हेही पुरेसं नाही. तो समोर आलेला फोटो तपासतो. यंत्राने गाळलेली गाडी त्याच्यापुढे येतच नाही. गाळलेल्या गाड्यांचाही नमुना तपासला पाहिजे, आणि त्या तपासणीची नोंद मॉडेल बदलू शकणाऱ्या खात्याच्या हाती नसली पाहिजे.