पहाडगंजहून खऱ्या पहाडाकडे

नवी दिल्ली स्टेशनालगतचे पहाडगंज मराठी प्रवाशांना परके नाही. बृहन्महाराष्ट्र भवन तिथेच आहे. मात्र नावातला पहाड शोधू गेल्यास भेटतात ती हॉटेले आणि रिक्षांची गर्दी! खरा पहाड पाहायचा, तर एक सकाळ राखून ठेवावी आणि गुडगाव-फरिदाबाद रस्त्याने मांगर गाव गाठावे.

गावाजवळ अरवलीच्या घळीत 'मांगर बनी' ही देवराई आहे. पावसाळा सरला की इथले ओढे कोरडे पडतात, पण झाडी टिकून राहते. धौ हे इथले मुख्य झाड, आपल्या धावड्याचे भाऊबंद. बाहेरच्या टेकड्यांवर गुरे ते कुरतडतात, म्हणून ते जमिनीलगत पसरते. बनीत तेच उंच वाढून गर्द सावली धरते.

हे कसे घडले? बन गुदडिया बाबांचे. फांदी तोडणाऱ्यावर संकट येते, अशी गुज्जर गावकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा!

पुढे गावकीची जमीन खाजगी नावांवर गेली. शहर जवळ आले, जमिनीला भाव आला. तेव्हा श्रद्धेला कायद्याची जोड लागली. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बनीत आणि भोवतालच्या ५०० मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली. २०२१ मध्ये मांगरच्या डोंगरातली अश्मयुगीन गुहाचित्रेही उजेडात आली.

जायचे तर हिवाळ्यात. पाणी सोबत घ्यावे, गावात विचारूनच बनीत शिरावे. आणि हो, हातात काठी हवी म्हणूनही फांदी मोडू नये!