वनौषधींची आयात आणि सीमाशुल्क दलाल

आपल्या औषधनिर्मितीतील काही द्रव्ये पूर्वापार परदेशातून येत आली आहेत. हिंग अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तानातून येतो. ज्येष्ठमध मुख्यतः अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातून, अक्कलकारा उत्तर आफ्रिकेतून, चोपचिनी तिच्या नावाप्रमाणे चीनमधून. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण परिसरातील बहुतेक फार्मसी हा माल मुंबईच्या किंवा दिल्लीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतात. तथापि व्यवसाय वाढला, द्रव्याच्या गुणवत्तेची खात्री स्वतः करून घेण्याची इच्छा झाली, की थेट आयातीचा विचार मनात येतो. अशा वेळी सीमाशुल्क दलालाशी, म्हणजे व्यवहारात ज्यास आजही ‘सीएचए’ किंवा ‘क्लिअरिंग एजंट’ म्हटले जाते त्याच्याशी, गाठ पडते.

‘दलाल’ या शब्दाने गैरसमज होण्याचा संभव आहे. ही व्यक्ती वा संस्था मालाची खरेदी-विक्री करीत नाही. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 146 नुसार परवाना मिळाल्याखेरीज कोणालाही दुसऱ्याच्या वतीने सीमाशुल्क कार्यालयात हे काम करता येत नाही. परवान्यासाठी लेखी व तोंडी परीक्षा असते, आणि 2018 च्या परवाना विनियमांनी दलालाची कर्तव्ये निश्चित केली आहेत. त्याने आयातदाराचे लेखी अधिकारपत्र घ्यावे, त्याचा आयईसी व जीएसटी क्रमांक आणि ओळख पडताळावी, त्यास कायद्याप्रमाणे सल्ला द्यावा. आणि आयातदार ऐकत नसेल तर ती गोष्ट अधिकाऱ्याच्या निदर्शनास आणावी. शेवटचे कर्तव्य अनेकांना ठाऊक नसते. दलाल आपला प्रतिनिधी असला तरी त्याची निष्ठा केवळ आपल्यापुरती नसते, आणि ते योग्यच आहे.

दलालाचे खरे कौशल्य मालाचे नाव ठरविण्यात असते. प्रत्येक वस्तूला शुल्कसूचीत एक क्रमांक असतो व त्यावरून शुल्काचा दर आणि लागू होणाऱ्या अटी ठरतात. ज्येष्ठमधाचे वाळलेले मूळ 1211 या शीर्षकाखाली येते. त्याचाच घनसत्त्व 1302 खाली. हिंग हा निर्यास असल्याने तेराव्या प्रकरणात, सुंठ व पिंपळी मसाल्यांच्या नवव्या प्रकरणात, तर सिद्ध औषध तिसाव्या प्रकरणात जाते. हा वाद किती मोठा होऊ शकतो याचे उदाहरण आपल्याच परिसरात आहे. चाकण येथे कारखाना असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया कंपनीस सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 1.4 अब्ज डॉलर शुल्काच्या मागणीची नोटीस देण्यात आली. आलेला माल सुटे भाग समजावयाचा की सुट्या स्वरूपातील संपूर्ण मोटार, एवढाच मूळ प्रश्न. कंपनीने विभागाचे म्हणणे नाकारून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आपली पोती त्यामानाने क्षुल्लक. परंतु प्रश्नाचे स्वरूप तेच.

संदिग्ध द्रव्यांचा विषय वैद्यांना नवा नाही. रास्ना वा शंखपुष्पी या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात हे आपण जाणतोच. बंदरावर हीच संदिग्धता महागात पडते. इनव्हॉइसवर नुसते ‘लिकोरिस रूट’ आणि निर्यातदार देशाच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर ग्लिसिरायझा उरालेन्सिस असे लिहिलेले असेल, तर आपणास अभिप्रेत असलेली ग्लिसिरायझा ग्लॅब्रा ती नव्हे. तेव्हा ऑर्डर देतानाच शास्त्रीय नाव, उपयोगी अंग व स्वरूप (अखंड, तुकडे की चूर्ण) लिहून द्यावे आणि तेच प्रत्येक कागदावर उतरले आहे ना, हे दलालाकडून पाहून घ्यावे.

वनस्पतिजन्य मालाला 2003 चा वनस्पती संगरोध आदेश लागू होतो. कोणत्या द्रव्यास आयात परवाना लागतो, कोणास केवळ प्रमाणपत्र पुरते, धुरीकरण कोठे व्हावे, हे त्याच्या परिशिष्टांवरून ठरते. प्रवेशही अधिसूचित ठिकाणांहूनच मिळतो. म्हणून माल न्हावा शेवा येथे सोडवावा की तळेगावसारख्या अंतर्देशीय डेपोपर्यंत आणावा, हे जहाजावर चढण्यापूर्वी ठरले पाहिजे. हिंग खाद्य म्हणून आणल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची संमतीही लागते. कुष्ठ साईट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी व कुटकी दुसऱ्या परिशिष्टात आहेत. या द्रव्यांबाबत परवान्याची खात्री झाल्याशिवाय व्यवहाराची बोलणीच करू नयेत.

याहून नाजूक प्रश्न उगमदेशाचा आहे. गुग्गुळ पूर्वी मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातून येत असे. फेब्रुवारी 2019 मध्ये तेथील मालावर 200 टक्के शुल्क बसले आणि 2 मे 2025 रोजी थेट वा अन्य देशामार्गे होणारी आयात पूर्णपणे बंद करण्यात आली. त्यानंतर जून 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा येथे दुबईमार्गे आलेल्या पाकिस्तानी मालाचे 39 कंटेनर पकडले. सुमारे 1,115 टन माल, किंमत 9 कोटी रुपये, आणि त्यात खारीक होती. खारीक आपल्या कोठारातही असते! दुबईहून स्वस्तात गुग्गुळ देऊ करणाऱ्या व्यापाऱ्यास उगमाचा पुरावा मागावा. ‘कागद बसवून देतो’ असे म्हणणारा दलाल त्याच क्षणी सोडावा, कारण कलम 147 प्रमाणे दलालाने केलेली कृती, उलट सिद्ध होईपर्यंत, मालकाच्या माहितीने व संमतीने झाली असे मानले जाते.

प्रत्यक्ष प्रक्रिया तुलनेने सरळ आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर बिल ऑफ एंट्री सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल करावे लागते. उशिरास विलंब शुल्क आहे. नमुना तपासणीत अडकला आणि मोफत दिवस संपले की बंदराचे साठवण-भाडे व जहाज कंपनीचे कंटेनर-भाडे स्वतंत्रपणे चढू लागते. लहान फार्मसीचा नफा बहुधा येथेच बुडतो, शुल्कात नव्हे. म्हणून दर विचारताना दलालाची फी वेगळी, प्रत्यक्ष पावत्यांचे खर्च वेगळे, असे लेखी मागावे. कामास येणारा माणूस परवानाधारकाचा कार्डधारक कर्मचारी आहे ना, तेही पाहावे. बिल ऑफ एंट्रीवर आपला जीएसटी क्रमांक अचूक असावा, कारण भरलेल्या एकात्मिक कराची वजावट त्याच कागदावर मिळते. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. ती राहिली तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि माल बंदरात असताना हे कळते.