दाताची कॅप भट्टीत कशासाठी?

रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर बहुधा कॅप बसवावी लागते. धातूची नको, दातासारखी दिसणारी हवी, असे आता पुष्कळजण सांगतात. अशा कॅपचा एक प्रकार म्हणजे लिथियम डायसिलिकेट. ही ग्लास-सिरॅमिक, म्हणजे मुळात काचच. पण भट्टीत तापवून तिच्या पोटात स्फटिक वाढवलेले असतात.

यंत्रावर कोरून आलेली कॅप निळसर-जांभळी दिसते. ती पाहून रुग्ण हसतात. "आतली दाढ कोण बघतंय डॉक्टर, आत्ताच बसवून टाका," असेही काहीजण म्हणतात. पण मुद्दा रंगाचा नाही, ताकदीचा आहे.

साध्या काचेत अणूंची रचना विस्कळीत असते. एकदा तडा सुरू झाला की त्याला अडवणारे काही नसते. स्फटिक हवेत, पण ते आपोआप नीट होत नाहीत. दुधाला विरजण लागते तसे इथेही बीज लागते. ते काम काचेत मिसळलेले फॉस्फरसचे संयुग करते. आधी कमी उष्णतेत असंख्य बीजे तयार होतात, मग जास्त उष्णतेत त्यांच्याभोवती स्फटिक वाढतात. बीजे थोडी असली तर स्फटिक मोजके आणि ओबडधोबड होतात. रवाळ तूप करणाऱ्या गृहिणींना हे वेगळे सांगायला नको.

कारखान्यातून येणाऱ्या ठोकळ्यात लिथियम मेटासिलिकेटचे बारीक स्फटिक असतात. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे कोरता येतो. कोरलेली कॅप सुमारे ८५० अंश सेल्सिअसला तापवली की ते स्फटिक विरून डायसिलिकेटचे लांबट स्फटिक वाढतात आणि कॅपचा सुमारे ७० टक्के भाग व्यापतात. मातीच्या भिंतीत भुसा गुंतावा तसे ते एकमेकांत गुंततात, तड्याला वळणे घ्यावी लागतात. ताकद दुपटीहून अधिक होते आणि रंगही दाताचा येतो.

हा शोध अपघाताने लागला. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी लिथियम सिलिकेटचीच काच तापवत होते. भट्टी ६०० ऐवजी ९०० अंशांवर गेली. काच वितळली असेल असे त्यांना वाटले, पण निघाली पांढरी तबकडी. चिमट्यातून ती खाली पडली, तरी फुटली नाही!

तेव्हा दवाखान्यात थोडा वेळ थांबावे लागले किंवा आणखी एक खेप पडली तर कुरकुर करू नका. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आधीच सांगा. झिर्कोनियासारखा अधिक चिवट पर्याय सुचवता येतो. कॅप बसल्यावर ती उंच लागते म्हणून घासली, तर त्या जागी पुन्हा पॉलिश करून घ्या. खरखरीत राहिलेली कॅप समोरचा दात झिजवते, आणि तडाही तिथूनच सुरू होतो. सुपारी मात्र अडकित्त्यानेच फोडावी.