एकट्याने डोंगरात मुक्काम करायचाय? बोदवडहून सॅक उचलण्याआधी हे वाचा

दिवाळी सरली, ऑक्टोबरचा चटका ओसरला की बोदवड परिसरात कापूस वेचणीच्या धावपळीसोबत पहाटेचा गारवाही येतो. पाऊस संपलेला, आकाश स्वच्छ आणि डोंगरात अजून थोडी हिरवळ शिल्लक. भटकंतीसाठी वर्षातला हा सर्वात चांगला काळ मानला जातो. सॅक, छोटा तंबू आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एकट्यानेच निघणारे तरुणही आता दिसू लागले आहेत. याला ‘सोलो ट्रेक’ म्हणतात.

खानदेशाला थंडीच्या तोंडावर डोंगर चढणे नवे नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा ऋषीच्या यात्रेला दिवाळीच्या दिवसांत हजारो भाविक सातपुड्याचे शिखर चढतात, तेही रात्रीच्या अंधारात. पण ती यात्रा जथ्याने होते. कुणी मागे राहिला तर लगेच लक्षात येते. एकटा गेलेला माणूस मागे राहिला, तर ते कुणाच्या आणि किती तासांनी लक्षात येणार? सोलो ट्रेकमधला सर्वात मोठा धोका याच प्रश्नात आहे.

बोदवडहून डोंगर किती जवळ आहेत?

बोदवड दोन डोंगररांगांच्या मध्ये वसले आहे. तापीपलीकडे उत्तरेला सातपुडा, तर दक्षिणेला अजिंठ्याची रांग. जामनेर-पहूरमार्गे फर्दापूर गाठले की अजिंठा लेणीचा डोंगर समोर येतो. भुसावळ-रावेरकडून पाल आणि यावल अभयारण्याचा सातपुडा गाठता येतो. रेल्वेने भुसावळ आणि पुढे चाळीसगाव गाठल्यास पाटणादेवी आणि गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा डोंगर आहे. आणखी लांब जायची तयारी असेल तर नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातला साल्हेर. 1567 मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला असून 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश आहे.

मग तंबू कुठेही लावता येतो का?

नाही. वरच्या यादीतला मोठा भाग अभयारण्यात मोडतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात जायला परवानगी लागते आणि विनापरवाना रात्री थांबणे हा गुन्हा आहे. तिथे आग लावण्यावरही बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. राखीव जंगलात शिरण्यावर भारतीय वन अधिनियम, 1927 चे निर्बंध आहेतच.

हे नियम केवळ कागदावरचे नाहीत. बोदवडला लागून असलेल्या मुक्ताईनगर तालुक्याच्या जंगलात वाघांचा वावर आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून 2019 मध्ये निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ शेकडो किलोमीटर चालत शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. चाळीसगाव तालुक्यात 2017 च्या अखेरीस एका बिबट्याने अनेकांचे बळी घेतले आणि डिसेंबरमध्ये त्याला गोळ्या घालाव्या लागल्या. त्यामुळे ‘जंगल मोकळे आहे, कोण बघतंय’ हा विचार कायद्याच्या आणि जिवाच्या, दोन्ही दृष्टीने महागात पडू शकतो.

सरळ उपाय असा : वन विभागाचे विश्रामगृह, निसर्ग पर्यटन केंद्र किंवा पायथ्याच्या गावातले घर अथवा अंगण मुक्कामासाठी निवडा. दिवसा डोंगर, रात्री गाव. किल्ल्यावरच राहायचे असेल तर तिथे रात्री थांबायला मुभा आहे का, हे आधी वन विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

नोव्हेंबरची रात्र किती लांब आणि किती थंड?

नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातच्या आसपास उगवतो. म्हणजे रात्र जवळपास 13 तासांची. दरीत तर डोंगराची सावली तासभर आधीच पडते. त्यामुळे दुपारी 4 नंतर नवी चढाई सुरू करू नये, हा साधा नियम पाळावा.

थंडीचे गणितही समजून घ्यायला हवे. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. जळगाव-बोदवडचा भाग समुद्रसपाटीपासून दोन-तीनशे मीटरवर आहे. साल्हेरचा माथा त्याहून सुमारे 1300 मीटर उंच. म्हणजे फरक साधारण 8 अंशांचा. थंडीच्या लाटेत जळगावचा पारा एक आकडी होतो, तेव्हा वर काय होईल याचा अंदाज बांधता येतो. त्यात वारा असेल तर गारठा आणखी जाणवतो.

दुसरी गंमत उलटी आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते. गार हवा जड असल्याने ती उतारावरून घरंगळत नाल्यात आणि दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे नाल्याकाठची सपाट जागा कितीही छान दिसली तरी पहाटे तीच सर्वात थंड आणि दवाने ओली असते. तंबू तळापासून थोडा वर, वाऱ्याच्या आडोशाला लावावा.

शरीराचे आतले तापमान 35 अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावाच लागतो असे नाही. घामाने भिजलेला सुती शर्ट, वारा आणि रिकामे पोट एवढे पुरते. थरथर, मग अडखळते बोलणे आणि गोंधळलेले वागणे ही त्याची लक्षणे. सोबत कुणी असेल तर त्याला ती दिसतात. एकट्याला स्वतःचा गोंधळ ओळखता येत नाही. म्हणून मुक्कामाला पोहोचताच, थंडी वाजायची वाट न पाहता, कोरडे कपडे घालणे महत्त्वाचे.

झोपण्याच्या पिशवीवर म्हणजे स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. खरेदी करताना ‘कम्फर्ट’ हा आकडा पाहावा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे त्या तापमानात झोप लागेल असे नव्हे, तर फार तर जीव तगेल असा अर्थ. पिशवीखाली जाड मॅट हवीच, कारण अंगातली बरीच उष्णता खालची जमीन ओढून घेते.

तंबूत शेगडी पेटवली तर?

अजिबात पेटवू नका. बंद जागेत कोळसा, गॅस किंवा लाकूड जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन येथे एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेल्या केरळच्या 8 पर्यटकांचा मृत्यू झाला होता. तंबू तर खोलीहूनही लहान. स्वयंपाक बाहेर करा आणि कितीही थंडी असली तरी तंबूची हवेची झडप उघडी ठेवा.

फोन आहे ना, मग काळजी कशाची?

फोन उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात.

पहिली, रेंज शोधण्यात बॅटरी जाते. सिग्नल कमकुवत असेल तिथे फोन जास्त ताकदीने टॉवरशी संपर्क साधत राहतो. शिवाय थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि चार्ज लवकर उतरल्यासारखा दिसतो. चालताना फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवा, रात्री कपड्यांच्या आत अंगाजवळ ठेवा.

दुसरी, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागते. फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्यामुळे रेंज नसतानाही आपण कुठे आहोत हे त्याला कळते. पण नकाशा आधी डाउनलोड केलेला नसेल तर रिकाम्या पडद्यावर नुसता निळा ठिपका उरतो.

तिसरी, कॉल लागत नाही तिथे एसएमएस जाऊ शकतो. 112 हा आपत्कालीन क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून लागू शकतो. पण कोणत्याच कंपनीचा टॉवर नसेल तर तोही लागणार नाही.

परदेशात यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणे वापरतात. भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे उपकरण सापडल्याने कॅनडाच्या एका धावपटू महिलेवर कारवाई झाली होती. त्यामुळे नातेवाइकांकडून परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये.

एकटा माणूस हरवला की काय होते?

मे 2022 मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण लोणावळ्याजवळच्या नागफणी परिसरात एकटाच फिरायला गेला. वाट चुकल्याचे त्याने फोनवर कळवले आणि त्यानंतर संपर्क तुटला. शिवदुर्ग मित्र या संस्थेच्या स्वयंसेवकांसह राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलानेही शोध घेतला. चौथ्या दिवशी दरीत त्याचा मृतदेह सापडला.

अमेरिकेत एप्रिल 2003 मध्ये आरॉन रॅल्स्टन हा गिर्यारोहक युटामधल्या अरुंद घळीत एकटाच गेला आणि निसटलेल्या मोठ्या दगडाखाली त्याचा हात अडकला. तो अनुभवी होता, पण कुठे जातोय हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला.

दोन्ही घटनांत प्रश्न एकच. शोध कधी आणि कुठून सुरू करायचा? शोधपथकाला माणूस कोणत्या वाटेने गेला हे माहीत असेल तर एक-दोन दऱ्या तपासाव्या लागतात, नाहीतर सगळा डोंगर. जखमी माणसासाठी पहिली रात्र निर्णायक असते आणि नोव्हेंबरची रात्र 13 तासांची असते.

मग मागे काय ठेवून जायचे?

रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारा शेतकरी बहुतेकदा एकटाच असतो. पण तो कोणत्या शेतात गेला आणि साधारण कधी परतणार, हे घरात माहीत असते. वेळ टळली की कुणीतरी बॅटरी घेऊन बांधावर येते. सोलो ट्रेकला हीच पद्धत लावायची आहे.

निघण्यापूर्वी घरातल्या किंवा विश्वासू मित्राला असा लेखी संदेश द्या :

“शनिवारी सकाळी 7 ला साल्हेरवाडीतून गडावर चढतोय. त्याच वाटेने उतरणार. मुक्काम गावात, घरमालकांचा नंबर सोबत दिलाय. रविवारी दुपारी 2 पर्यंत फोन करीन. 5 पर्यंत फोन आला नाही तर घरमालकांना विचार. 6 पर्यंत पत्ता लागला नाही तर 112 ला कळव. अंगात लाल जॅकेट, निळी सॅक.”

यातला सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे ‘6 पर्यंत’. ‘उशीर झाला असेल, रेंज नसेल’ असे म्हणत घरचे रात्र काढतात. ठरलेली वेळ असेल तर त्यांना विचार करावा लागत नाही. मात्र बेत बदलला, तर तो कळवल्याशिवाय वाट बदलायची नाही, ही जबाबदारी जाणाऱ्याची.

112 सोबत वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन 1926 आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा 7620230231 हा क्रमांकही फोनमध्ये आणि कागदावर असावा. पायथ्याच्या गावात नाव, वाट आणि उतरण्याची वेळ सांगून चढा. अडकलात तर फिरत बसू नका. एका जागी थांबा आणि शिट्टी किंवा टॉर्चने ठरावीक अंतराने इशारा करत राहा.

पहिल्यांदाच जात असाल तर?

पहिली रात्र डोंगरात नको, आपल्याच किंवा मित्राच्या शेतात काढा. तंबू अंधारात लावून बघा, पिशवीत पहाटे थंडी वाजते का बघा, 13 तासांत फोनची बॅटरी किती उरते ते बघा. काही चुकलेच तर घर हाकेच्या अंतरावर असते. दुसऱ्या वेळी ओळखीचा, मळलेल्या वाटेचा डोंगर एका दिवसात करा. एकट्याचा मुक्काम त्यानंतर.

नोव्हेंबरपासून डोंगरातले झरे आटू लागतात, त्यामुळे दिवसाला किमान 3 ते 4 लिटर पाण्याची सोय धरा. आग्या मोहोळ दिसले तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. सकाळी बूट झटकून घाला. आणि शेकोटीचा मोह आवरा, कारण या दिवसांत गवत वाळायला लागलेले असते.