श्यान क्लचचा पंखा : एक यंत्र आणि तीन शब्द

यंत्रविषयक परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा कोशाच्या मेजावर बसून होते. इंग्रजी शब्द समोर ठेवावयाचा, त्याचा धातू शोधावयाचा, संस्कृतातून त्याच्या तोलाचा शब्द निवडावयाचा, आणि पुढील शब्दाकडे वळावयाचे, अशी ही रीत आहे. या रीतीने पुष्कळ चांगले शब्द मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु शब्द ज्या वस्तूचा आहे ती वस्तू हाताळल्यावाचून त्याची व्याख्या करता येते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. प्रस्तुत लेखात एका लहानशा यंत्रभागाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो भाग म्हणजे जुन्या मोटारीच्या इंजिनापुढे बसविला जाणारा क्लचयुक्त पंखा.

प्रथम पंख्याचे प्रयोजन पाहू. इंजिनात तापलेले पाणी रेडिएटरच्या जाळीतून फिरते आणि जाळीतून जाणारी हवा त्याची उष्णता हरण करते. मोटार ताशी 50-60 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असेल तर समोरून येणारा वाराच बहुधा पुरेसा होतो. मोटार थांबली किंवा घाटात रखडत चालली की मात्र वारा नाहीसा होतो. अशा वेळी पंख्याने हवा ओढावी लागते. जुन्या मोटारींत हा पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर पक्का बसविलेला असे आणि इंजिनाकडून पट्ट्याने फिरविला जाई. त्यामुळे इंजिनाचा वेग वाढला की पंख्याचाही वाढे. म्हणजे गरज सर्वांत कमी असताना पंखा सर्वांत जोरात फिरे.

हा अपव्यय लहान नाही. पंख्याने ओढलेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिन उभ्या मोटारीत मिनिटाला 800 फेरे घेत असेल आणि हमरस्त्यावर 3,200 घेत असेल, तर वेग चौपट होतो आणि पंख्याची भूक 64 पट होते. आवाज वाढतो तो वेगळाच. म्हणून पंखा हवा तेव्हा जोडावा आणि नको तेव्हा सोडावा, ही कल्पना पुढे आली. फ्रान्समधील पेझो कंपनीने 404 या मोटारीत हे काम विद्युत्‌चुंबकाकडून करून घेतले होते. पुढे अधिक रूढ झाली ती मात्र द्रवावर चालणारी योजना.

तिची रचना अशी. पंपाच्या दांड्याला एक चकती जोडलेली असते. ही चकती एका बंद डबीच्या आत फिरते आणि पंख्याची पाती त्या डबीला बाहेरून जोडलेली असतात. चकती आणि डबी यांवर एकमेकींत शिरणाऱ्या वर्तुळाकार खाचा असतात, पण धातूचा धातूला कोठेही स्पर्श होत नाही. मध्ये अगदी अरुंद फट असते. या फटीत सिलिकोनचा दाट द्रव आला की फिरती चकती त्या द्रवाला ओढते आणि द्रव डबीला ओढतो. द्रवाचा साठा डबीच्या पुढील भागात वेगळ्या कप्प्यात असतो. दोन्ही कप्प्यांमध्ये एक झडप असते. ती रेडिएटरकडे तोंड केलेल्या द्विधातुपट्टीच्या सर्पिलाने उघडते. जाळीतून येणारी हवा तापली की सर्पिल वळतो, झडप उघडते आणि केंद्रोत्सारी प्रेरणेने द्रव खाचांत शिरतो. हवा निवाली की झडप मिटते; खाचांतील द्रव एका बारीक छिद्रातून साठ्याकडे परत ढकलला जातो आणि पंखा मंदावतो.

येथे पहिला शब्द विचारात घेऊ. इंग्रजीतील ‘क्लच’ हा शब्द बोटे वळवून मूठ आवळण्याच्या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आला आहे. आपण तो जसाच्या तसा घेतला. पण मराठीत त्याचा अर्थ पायाखालच्या पट्टीवरून ठरला. आपण ‘क्लच दाबतो’ तेव्हा इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो, आणि ‘क्लच सोडतो’ तेव्हा तो जुळतो. ‘क्लच घसरतो’ हे तर निखालस दोषाचे वर्णन होय. ‘पकड’ हा मराठी प्रतिशब्द सुचविला, तर तो हत्यारांच्या पेटीत आधीच जागा अडवून बसला आहे. मुख्य अडचण अशी की, पंख्याचा क्लच कधीच पूर्ण आवळत नाही आणि कधीच पूर्ण सुटत नाही. जोडलेल्या अवस्थेतही डबी चकतीहून काहीशी मागे राहते आणि सुटलेल्या अवस्थेतही पंखा सावकाश फिरत असतो. येथे घसरणे हा दोष नव्हे. घसरणे हेच कार्य आहे.

दुसरा शब्द ‘श्यान’. इंग्रजी विशेषणाच्या मुळाशी पक्षी धरण्याचा चिकट लासा आहे. आपल्या परिभाषेने ‘श्यै’ हा धातू पत्करला. पाणिनीच्या नियमाप्रमाणे (6.1.24) द्रव पदार्थ थिजण्याच्या अर्थी या धातूचे रूप ‘शीन’ होते, म्हणून थिजलेले तूप ते शीन, त्या अर्थाबाहेर ‘श्यान’ राहते. परिभाषाकारांनी दुसरे रूप घेतले याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; रूढी हीच अखेर प्रमाण होय. परंतु धातूतील थिजण्याचा वास शब्दाला चिकटून राहिला आहे. त्यामुळे ‘श्यान क्लच’ म्हणताच पुष्कळांना वाटते की, उष्णतेने द्रव दाट होत असावा आणि त्यामुळे पंखा जोडला जात असावा. वस्तुस्थिती तशी नाही. तापमान बदलले तरी ज्याची श्यानता इतर तेलांच्या मानाने फार कमी बदलते, म्हणूनच सिलिकोनचा द्रव निवडला जातो. बदलते ती खाचांतील द्रवाची राशी; आणि ती झडप बदलते.

या दोन गैरसमजांची किंमत किती, हे प्रस्तुत लेखकाने अमेरिकेतील वास्तव्यात पाहिले. तेथे एका मराठी स्नेह्यांजवळ 1966 सालची फोर्ड मस्टँग होती. ही मोटार 1964 च्या एप्रिलमध्ये प्रथम विक्रीस आली. तिचा सांगाडा फाल्कन या लहान मोटारीवरून घेतलेला, आणि फाल्कन 1960 चा नमुना म्हणून निघाली ती केवळ सहा सिलिंडरांच्या इंजिनाची. त्याच अवकाशात पुढे 289 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 4.7 लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले गेले. दोन्ही बाजूंनी स्प्रिंगांचे मनोरे आत घुसलेले आणि पुढे रेडिएटर. 1967 च्या नमुन्यात ही जागा कंपनीने रुंद केली, यावरून ती किती आखूड होती ते ध्यानात यावे.

स्नेह्यांनी क्लचचा पंखा मागविला. तो येताच हाताने फिरवून ते म्हणाले, “डॉक्टर, हा तर सैल आहे. क्लच घसरतोय.” थंड क्लच हाताने मऊ, एकसारख्या रोधाने फिरणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितले म्हणून तो परत गेला नाही. मग मोजमाप झाले. मोजपट्टी मीच धरली होती. पात्यांची कड आणि जाळी यांत 10 मिलिमीटर अंतर भरले. “जागा आहे,” मी म्हणालो. “आहे ना? मग बसवू या,” ते म्हणाले. आठवड्याने एका चौकात त्यांना जोराने ब्रेक लावावा लागला. पात्यांनी जाळीवर एक सुबक कंस कोरला आणि रेडिएटरमधील सर्व पाणी रस्त्यावर आले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

तिसरा शब्द येथे निष्पन्न होतो. मी उच्चारलेला ‘जागा’ हा शब्द स्थिर वस्तूंपुरता खरा होता. परंतु रेडिएटर सांगाड्याला जोडलेला असतो आणि इंजिन रबराच्या बैठकींवर तरंगत असते. ब्रेक लागला की इंजिन पुढे सरकते. शिवाय पंखा हवा मागे लोटतो, तेव्हा तिच्या प्रतिक्रियेने पाती पुढे, म्हणजे जाळीकडेच, झुकतात. म्हणून पाती आणि जाळी यांत निदान 25 मिलिमीटर सोडण्याचा प्रघात आहे. गतीसाठी राखून ठेवलेल्या या अंतराला मराठीत ‘मोकळीक’ हा उत्तम शब्द उपलब्ध आहे. ‘जागा’ मोजता येते; ‘मोकळीक’ ठरवावी लागते. हा भेद पाळला असता तर रेडिएटर वाचला असता.

मोकळीक कशी मिळवावयाची? पंपाच्या चकतीपासून जाळीपर्यंतचे अंतर, क्लचची चकतीपासून नाकापर्यंतची खोली, आणि पात्यांच्या पुढील व मागील कडांची स्थाने ही चारही मापे बसविण्यापूर्वी कागदावर मांडावी. पंखा व पंप यांत जुना अंतरक असल्यास तो काढावा. कमी खोलीचा क्लच व पातळ पाती निवडावी. किंवा जाळी अधिक रुंद पण कमी जाडीची घ्यावी. आखूड पंप बसविण्याचा मोह होतो. परंतु पंपाची पुली मागे गेली की इंजिनाच्या व विद्युत्‌जनित्राच्या पुल्या तिच्या रेषेत राहत नाहीत आणि पट्टा निसटतो. एक घटक हलविला की इतरांचे परस्परसंबंध बदलतात, हे ध्वनिव्यवस्थेच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको.

आणखी काही पथ्ये आहेत. क्लचच्या मध्यभागीचे छिद्र पंपाच्या टोकावर नेमके बसले पाहिजे. केवळ बोल्टांवर भिस्त ठेवल्यास पंखा केंद्रातून ढळतो आणि पंपाचे बेअरिंग खाऊन टाकतो. पंख्याभोवती श्राउड असावे व पात्यांची निम्मी रुंदी त्याच्या आत असावी. श्राउड रेडिएटरला आणि पंखा इंजिनाला जोडलेला असल्यामुळे पात्यांच्या टोकांभोवतीही मोकळीक हवी. क्लच अडथळ्यावाचून गरगर फिरला किंवा त्यावर तेलाचे ओघळ दिसले तर द्रव गळाला असे समजावे. डुलला तर त्याचे बेअरिंग गेले. पात्यास बारीकशीही चीर असल्यास पंखा टाकून द्यावा आणि चालू इंजिनासमोर पात्यांच्या प्रतलात कधीही उभे राहू नये. सकाळी पहिल्या मिनिटात पंखा घोंगावला तर मात्र घाबरू नये. रात्रभरात खाचांत उतरलेला द्रव साठ्याकडे परतत असतो.

स्नेह्यांच्या मोटारीला अखेर आखूड क्लच आणि कमी जाडीचा रेडिएटर बसला. या वेळी मोजपट्टी त्यांनी स्वतः धरली, आणि मला फक्त आकडे लिहून घेण्यास सांगितले.

‘क्लच’ने घसरणे हा दोष ठरविला, ‘श्यान’ने थिजण्याची कल्पना दिली आणि ‘जागा’ने गती विसरावयास लावली. यांपैकी एकही शब्द टाकून द्यावा असे सुचवावयाचे नाही. परंतु परिभाषाकोशात प्रतिशब्दापुढे, ती वस्तू कोणत्या अवस्थेत ठीक समजावी आणि कोणत्या अवस्थेत बिघडलेली समजावी, हे सांगणारे एक वाक्य असावे, एवढी सूचना करावीशी वाटते. ते वाक्य लिहिण्यासाठी कोशकारास मेजावरून उठून बॉनेट उघडावे लागेल. ते श्रम वाया जाणार नाहीत.