म्हणे, चेडवांक मशिनीची आवड नसता

दहावीचा निकाल लागला की मालवणात हे ऐकू येतंच: "चेडवांक मशिनीची आवडच नसता." सांगणारे प्रेमाने सांगतात, म्हणून चीड जास्त येते. 'आवड' म्हटलं की विषय संपला, दोष कुणाचाच नाही!

अशा माणसाने जिल्ह्यातल्या एखाद्या काजू कारखान्यात जाऊन उभं राहावं. कटरवर ओळीने बसलेल्या असतात बायकाच. पायाने पाती मिटवायची, हाताच्या दांड्याने टरफल उकलायचं, आतला गर अख्खा निघाला पाहिजे. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हातांना खायचं तेल चोळलेलं. दिवसभर हेच. तिथे बाईला मशीन जमत नाही, असं कुणी म्हणत नाही. तेच मशीन दुरुस्त करायला शिकवणारा डिप्लोमा म्हटला, की आवड आठवते.

आवड हाताला लागते. होडीचं इंजिन अडलं की बाप हाक मारतो ती मुलाला: "पानो हाड रे." पंधराव्या वर्षी त्या मुलाच्या हाताला पाना ओळखीचा असतो, बहिणीने तो उचललेलाही नसतो. मग फॉर्म भरताना विचारायचं, तुला काय आवडतं?

डोक्याचं म्हणाल, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकण मंडळाचा दहावीचा निकाल 2025 मध्ये 98.82 टक्के होता, राज्यात पहिला. त्यात मुलीही आल्या आणि त्यांचं गणितही. अमेरिकेत 70 लाखांवर विद्यार्थ्यांचे गुण तपासून जॅनेट हाइड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं, की गणितात मुलगे-मुली असा फरक दिसत नाही. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात (2021-22) विज्ञान शाखेत निम्म्याहून जास्त मुली आहेत, इंजिनिअरिंगमध्ये मात्र तीनात एकही भरत नाही. फिजिक्स कळणाऱ्या डोक्याला लेथ कळणार नाही?

शासकीय तंत्रनिकेतन मालवणातच आहे, मुलींना 30 टक्के जागा राखीव आहेत. अडतं ते वर्कशॉप सुटल्यावरच्या एसटीपाशी, आणि पुढे नोकरी गोव्यात किंवा पुण्यात लागली की बापाच्या प्रश्नापाशी: "ता खंय रवतला?" प्रश्न खरा आहे. पण मग त्याला आवड म्हणू नका. 1933 मध्ये कमला भागवतांना (पुढच्या सोहोनी) सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. निदान कारण तरी स्पष्ट होतं. त्या हटून बसल्या, आत शिरल्या आणि 1939 मध्ये केंब्रिजच्या पीएचडी झाल्या.

बाकीचं थोडक्यात. अवजड यंत्र बाईला झेपत नाही? साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन रेल्वेत गेल्या, 2023 मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत त्यांनी चालवली. फी परवडत नाही? 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना केंद्रीय प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला तेवढा निकालाआधी काढून ठेवा, नंतर सेतूत रांग लागते.